पार्टिशन कुठून सुरू करायचं? सुरुवातीला १ एमबी मोकळी सोडण्यामागचं गणित

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. ती नसलेले, पण बाकी धडधाकट असलेले संगणक घरोघरी पडून आहेत. त्यामुळे हल्ली दोन उद्योग जोरात आहेत. कुणी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, फ्लॅश मेमरीची डिस्क) बसवून घेतो, कुणी विंडोजला रामराम करून लिनक्स टाकतो. दोन्ही वाटांवर एक जागा अशी येते, जिथे डिस्कचे भाग पाडावे लागतात आणि माणूस अडखळतो.

लिनक्सवाला अडखळतो तो जीपार्टेड या प्रोग्रामच्या खिडकीत. नवीन पार्टिशन करताना तिथे ‘अलाइन टू’ अशी एक यादी उघडते आणि तिच्यात तीन पर्याय असतात: सिलिंडर, एमआयबी, नन. यातलं काय निवडायचं, हे तिथे कुणी सांगत नाही. एसएसडीवाल्याचा गोंधळ वेगळा. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या एसएसडीवर उतरवली, वेग मोजायला ‘एएस एसएसडी बेंचमार्क’ चालवला, तर डावीकडे लाल अक्षरांत ‘३१ के – बॅड’. एसएसडी कोरी करकरीत, मग वाईट काय आहे?

उत्तर आधीच देऊन टाकतो. यादीतलं ‘एमआयबी’ (मेबिबाइट, म्हणजे या लेखातलं १ एमबी) निवडा आणि पुढे चला. घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल. पण ते लाल ‘३१ के’ तुमच्याही पडद्यावर दिसत असेल, तर पुढचं वाचायला हवं. हा दोष आपोआप बरा होत नाही, उलट एका डिस्कवरून दुसरीवर वारशाने जातो.

## डिस्क बाइट मोजत नाही, सेक्टर मोजते

डिस्कला एकेक बाइट वेगळा लिहिता येत नाही. ती ठरावीक आकाराच्या तुकड्यांत लिहिते आणि वाचते. या तुकड्याला सेक्टर म्हणतात. कितीतरी वर्षं सेक्टर म्हणजे ५१२ बाइट असंच समीकरण होतं. सेक्टरला क्रमांक असतो, मोजणी शून्यापासून होते, आणि संगणक डिस्कशी बोलतो ते याच क्रमांकांच्या भाषेत: अमुक सेक्टर दे, तमुक सेक्टरवर हे लिही.

पार्टिशन म्हणजे या रांगेतला एक सलग पट्टा. तो कुठल्या क्रमांकापासून सुरू होतो आणि किती लांब आहे, याची नोंद डिस्कच्या अगदी सुरुवातीला एका छोट्या तक्त्यात असते. अलाइनमेंटचा, म्हणजे सुरुवात योग्य सीमेशी जुळवण्याचा, सगळा प्रश्न त्या नोंदीतल्या पहिल्या आकड्यापुरता आहे. पट्टा कुठून सुरू होतो, एवढंच.

त्या पट्ट्यावर फाइल सिस्टिम बसते. विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची ईएक्सटी४. या दोन्ही साधारणपणे ४०९६ बाइटच्या, म्हणजे ४ केबीच्या घासाने काम करतात. पाच अक्षरांची फाइल जपून ठेवली तरी हिशोब ४ केबीच्या पटीतच होतो (एनटीएफएसमध्ये अगदी चिमुकल्या फाइलला वेगळी सवलत आहे, ती इथे बाजूला ठेवू). जुन्या भाषेत एक घास म्हणजे सलग आठ सेक्टर.

## ५१२ चे ४०९६ झाले

प्रत्येक सेक्टरसोबत डिस्कला थोडी वरकड जागा लागते. दोन सेक्टरमधली फट, सेक्टर कुठे सुरू झाला याची खूण, आणि वाचताना झालेली चूक दुरुस्त करण्यासाठीचे जादा बाइट. ५१२ बाइटच्या सेक्टरला दुरुस्तीचे सुमारे ५० बाइट लागत. तेच आठ सेक्टर एकत्र करून ४०९६ बाइटचा एक केला, तर दुरुस्तीला सुमारे १०० बाइट पुरतात, शिवाय ती अधिक ताकदवान होते. आधी त्याच मजकुराला ४०० लागत होते. फटी आणि खुणाही आठाऐवजी एकेकच. एकूण पृष्ठभागापैकी खऱ्या माहितीच्या वाट्याला येणारी जागा सुमारे ८९ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर गेली.

हार्ड डिस्क बनवणाऱ्यांसाठी हा फायदा सोडण्यासारखा नव्हता. वेस्टर्न डिजिटलने २००९ च्या अखेरीस अशा डिस्क आणल्या. जानेवारी २०११ पासून डेस्कटॉप आणि लॅपटॉपसाठीच्या नव्या डिस्क याच पद्धतीने बनवायच्या, असं आयडेमा या उद्योग-संघटनेत ठरलं. या पद्धतीचं नाव अ‍ॅडव्हान्स्ड फॉरमॅट.

अडचण अशी होती की जगभरचे प्रोग्राम ५१२ गृहीत धरून लिहिलेले. म्हणून डिस्कने सोंग घेतलं. आत सेक्टर ४०९६ बाइटचे, पण बाहेरच्या जगाला सांगायचं की माझ्याकडे ५१२ चेच आहेत. अशा डिस्कला ५१२ई म्हणतात. आतल्या एका खऱ्या सेक्टरमध्ये बाहेरून दिसणारे आठ सेक्टर मावतात: ० ते ७ एकात, ८ ते १५ पुढच्यात, असं शेवटपर्यंत.

## स्लीपरचा कप्पा

रेल्वेच्या स्लीपर डब्यात एका कप्प्यात आठ बर्थ असतात. १ ते ८ पहिला कप्पा, ९ ते १६ दुसरा. कप्प्यातला शेवटचा क्रमांक, म्हणजे ८, १६, २४, नेहमी साइड अप्पर. आता आठ जणांचं कुटुंब निघालंय आणि त्यांना ६५ ते ७२ मिळाले, तर सगळे एका कप्प्यात. डबा उघडायचा, ताटं मांडायची, काही अडत नाही.

पण बुकिंग ६४ पासून सुरू झालं तर? एकटे काका ६४ वर, म्हणजे आधीच्या कप्प्यातल्या साइड अप्परवर, आणि बाकीचे सात ६५ ते ७१ वर. त्यांच्या मागून आलेल्या आठ जणांनाही तेच भोगावं लागतं. एकजण ७२ वर, सात जण पुढच्या कप्प्यात. एका गटाची सुरुवात एका बर्थने चुकली की मागचा प्रत्येक गट १ आणि ७ असाच फुटत जातो.

विंडोज एक्सपी आणि तिच्या आधीच्या विंडोज पहिलं पार्टिशन नेमकं इथूनच सुरू करत. सेक्टर क्रमांक ६३. शून्यापासून मोजलं तर हा चौसष्टावा, म्हणजे आपले साइड अप्परवरचे काका.

आकड्यात सांगायचं तर ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट. भागिले ४०९६ केलं की उत्तर येतं ७.८७५. पूर्णांक नाही, म्हणजे सुरुवात खऱ्या सेक्टरच्या सीमेवर नाही. ३२,२५६ बाइट म्हणजे ३१.५ केबी. ते लाल ‘३१ के’ हेच.

यात बिघडतं काय? वाचताना फारसं काही नाही. लिहिताना मात्र पंचाईत होते. फाइल सिस्टिम म्हणते, हा ४ केबीचा घास लिही. सुरुवात नीट असती तर डिस्कने एक खरा सेक्टर थेट लिहून टाकला असता. आता तो घास दोन खऱ्या सेक्टरांत फुटलाय: एकाचा आठवा हिस्सा, दुसऱ्याचे सात हिस्से. आणि डिस्कला सेक्टर अर्धवट लिहिता येत नाही. म्हणून ती आधी दोन्ही सेक्टर वाचते, आपल्या मेमरीत त्यांत बदल करते, आणि तबकडी पुन्हा फिरून तीच जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली (हेडखाली) येईपर्यंत वाट बघून दोन्ही परत लिहिते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. ५४०० वाल्या लॅपटॉप डिस्कची ११ मिलिसेकंदांची. ऐकायला किरकोळ वाटतं, पण संगणक सुरू होताना, अपडेट चढताना, ब्राउझर आपली साठवण करताना असे छोटे लेखन-घास हजारोंनी पडतात.

मोठा सिनेमा कॉपी करताना फरक कमी जाणवतो, हेही खरं आहे. तिथे सलग लेखन असतं, डिस्क बरेच घास एकत्र गोळा करते, आणि अर्धवट सेक्टर फक्त दोन टोकांना उरतात. त्यामुळे ‘माझा कॉपीचा वेग तर व्यवस्थित आहे’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. तो चुकीच्या ठिकाणी मोजत असतो, एवढंच.

## हा ६३ आला कुठून?

मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत गमतीचा भाग हा वाटतो. जुन्या पद्धतीत सेक्टरचा पत्ता तीन आकड्यांनी सांगत: सिलिंडर (तबकड्यांवरची एकाखाली एक येणारी वर्तुळं), हेड (त्यातली कुठली बाजू) आणि सेक्टर (त्या वर्तुळातला कितवा). सेक्टरच्या आकड्याला सहा बिट दिलेले. सहा बिटांत ० ते ६३ मावतात, पण हा एक आकडा तेवढा १ पासून मोजायचा, अशी रीत पडलेली. म्हणून एका वर्तुळात जास्तीत जास्त ६३ सेक्टर. डिस्कचं पहिलं वर्तुळ बूटची नोंद आणि पार्टिशनचा तक्ता यांच्यासाठी राखायचं, आणि पार्टिशन पुढच्या वर्तुळापासून सुरू करायचं. पहिल्या वर्तुळात ० ते ६२ संपले की पुढचा क्रमांक ६३.

खऱ्या डिस्कवर ६३ सेक्टरांचं वर्तुळ कधीचंच उरलेलं नव्हतं. बाहेरचं वर्तुळ मोठं, तिथे जास्त सेक्टर बसतात. आतलं लहान, तिथे कमी. ६३ सेक्टर आणि २५५ हेड हा पुढे निव्वळ कागदोपत्री हिशोब झाला. पंचवीस-तीस मिलिमीटर जाडीच्या डिस्कमध्ये २५५ हेड बसतील कुठे? या हिशोबाने १०२४ सिलिंडर धरले तर सुमारे ८.४ जीबीपर्यंतच पत्ते पोचतात. त्यामुळे पुढे साधा सलग क्रमांक आला आणि तीन आकड्यांची पद्धत मोडीत निघाली. तरी एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हाही ती ६३ चाच मान राखत होती, कारण जुन्या प्रोग्रामांना तेच समजायचं.

जीपार्टेडच्या यादीतला ‘सिलिंडर’ हा पर्याय याच काळाचा अवशेष आहे. २५५ गुणिले ६३ म्हणजे १६,०६५ सेक्टरांचा एक सिलिंडर. हा आकडा विषम आहे, त्याला ८ ने भाग जात नाही. म्हणजे सिलिंडरच्या सीमेवर सुरू केलेली आठातली सात पार्टिशनं चुकीच्या जागी पडणार. डॉसच्या जमान्यातलं एखादं यंत्र सांभाळणारे सोडले तर त्या पर्यायाचं आज कुणालाच काम नाही.

वेस्टर्न डिजिटलने एक्सपी वापरणाऱ्यांसाठी तेव्हा एक मजेशीर तोडगा काढला होता. डिस्कच्या मागच्या बाजूला ७ आणि ८ क्रमांकाच्या पिनांवर एक छोटा जंपर (दोन पिना जोडणारं टोपण) बसवायचा. मग डिस्क प्रत्येक क्रमांकात गुपचूप एक मिळवायची. एक्सपीने ६३ मागितला की ती ६४ द्यायची. एकच पार्टिशन असेल तर काम फत्ते. पण पुढे कुणी तो जंपर काढला की सगळे पत्ते एकेक घर सरकायचे आणि डिस्क वाचता येईनाशी व्हायची.

## एसएसडीत काही फिरत नाही, मग तिला काय फरक पडतो?

ही शंका रास्त आहे. फेरीची वाट बघणं एसएसडीत नाही. पण एसएसडीची अडचण दुसरी आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची.

एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत लिहिण्याचं एकक म्हणजे पेज. त्याचा आकार मॉडेलनुसार ४, ८ किंवा १६ केबी असा असतो. लिहिलेल्या पेजवर पुन्हा वरून लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसता येतं ते एक पेज नव्हे, तर शेकडो पेजांचा अख्खा ब्लॉक. म्हणून एसएसडीतला कंट्रोलर बदललेला मजकूर दुसऱ्या कोऱ्या पेजवर लिहितो आणि कुठल्या क्रमांकाचा मजकूर आता कुठे आहे, याची नोंदवही ठेवतो. ही नोंद बहुतेक वेळा ४ केबीच्या हिशोबाने असते.

आता ४ केबीचा घास सीमेवर फुटला, तर नोंदवहीतल्या दोन नोंदी बदलाव्या लागतात. दोन ठिकाणचा जुना मजकूर वाचायचा, त्यात बदल करायचा, आणि ८ केबी नव्याने लिहायचं. मागितलं होतं ४. कंट्रोलरकडे असलेली मेमरी यातलं बरंचसं झाकून घेते, त्यामुळे सगळ्या एसएसडींवर परिणाम सारखा दिसत नाही. पण जादा लेखन होतं, आणि फ्लॅशचं आयुष्य लेखनावरच मोजलं जातं. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात ‘टीबीडब्ल्यू’ असा आकडा असतो, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी. विनाकारण फुटलेला प्रत्येक घास त्यातूनच वजा होतो.

## मग १ एमबीच का? ४ केबी पुरे नव्हते का?

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोज पहिलं पार्टिशन सेक्टर २०४८ पासून सुरू करते. २०४८ गुणिले ५१२ म्हणजे १०,४८,५७६ बाइट, अर्थात नेमकं १ एमबी. लिनक्सच्या एफडिस्क या भाग पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये हाच बदल २०१० च्या सुमारास आला. ४०९६ ने भागलं की उत्तर बरोबर २५६.

सेक्टर ८ पासून सुरू केलं तरी ४ केबीचं गणित जुळलंच असतं. पण डिस्क आपल्या पोटातलं खरं सांगत नाही, ही इथली मेख आहे. बऱ्याच एसएसडी विचारल्यावर सरळ ‘माझा सेक्टर ५१२ चा’ असं सांगतात. पेज ८ केबीचं आहे की १६ चं, पुसण्याचा ब्लॉक किती मोठा, हे त्या सांगत नाहीत. सर्व्हरमध्ये अनेक डिस्क जोडून केलेल्या रेडमध्ये मजकूर ६४, १२८ किंवा २५६ केबीच्या पट्ट्यांनी वेगवेगळ्या डिस्कवर वाटला जातो. तिथेही सुरुवात पट्ट्याच्या सीमेवर नसेल तर एका डिस्कचं काम दोन डिस्कना करावं लागतं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा जाच ४ केबीचे सेक्टर येण्याच्या आधीपासून ठाऊक होता.

१ एमबीला ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२ केबी या सगळ्यांनी भाग जातो. म्हणजे आत काय आहे हे न विचारताही जवळपास सगळीकडे जुळणारा आकडा. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक डिस्कची चौकशी करून अचूक आकडा काढण्यापेक्षा, चौकशीची गरजच पडू नये असा आकडा निवडला.

सुरुवातीची ती मोकळी जागा अगदीच रिकामी राहते असंही नाही. जुन्या पद्धतीच्या बूटमध्ये लिनक्सचा ग्रब नावाचा बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) आपला एक भाग तिथे ठेवतो. ३१.५ केबीत त्याला कधीकधी दाटी व्हायची, १ एमबीत ऐसपैस जागा आहे.

नव्या, जीपीटी पद्धतीच्या तक्त्यातही सापळा आहेच. हा तक्ता साधारणपणे सेक्टर ३३ पर्यंत जागा घेतो आणि ३४ पासून पुढे वापरायला मोकळं असतं. ‘पहिला मोकळा सेक्टर’ म्हणून कुणी हौसेने ३४ हा आकडा हाताने भरला, तर १७,४०८ बाइट होतात. ४०९६ ने भागून ४.२५. पुन्हा तीच गत. यादीतला ‘नन’ हा पर्याय म्हणूनच टाळायचा. तो निवडला की प्रोग्राम तुमचा आकडा आहे तसा ठेवतो.

## एवढी जागा वाया जाते त्याचं काय?

१ टीबीच्या डिस्कवर १ एमबी म्हणजे साधारण दहा लाखांत एक भाग. मोबाइलने काढलेला एक फोटो याहून मोठा असतो. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये किंवा जीपार्टेडमध्ये ‘१ एमबी अनअलोकेटेड’ असं दिसलं की काहींच्या जिवाला चुटपुट लागते आणि ते पार्टिशन डावीकडे ओढून ती फट बुजवायला जातात. नका जाऊ. ती फट मुद्दाम ठेवलेली आहे.

## माझ्याकडे काय आहे, ते कसं बघायचं?

विंडोजमध्ये स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा. उघडलेल्या खिडकीत डावीकडे ‘कम्पोनंट्स’, त्यात ‘स्टोरेज’, त्यात ‘डिस्क्स’. उजवीकडे खाली ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ या ओळी सापडतील. आकडा बाइटमध्ये असतो. कॅल्क्युलेटरवर तो ४०९६ ने भागा. दशांश चिन्ह आलं नाही, तर सगळं ठीक.

उदाहरणार्थ, अलीकडच्या लॅपटॉपवर विंडोजने स्वतः भाग पाडले असतील तर सी ड्राइव्हसमोर बरेचदा १२,२६,८३,३९२ असा आकडा दिसतो. घाबरायचं कारण नाही. सुरुवातीची १ एमबी, मग १०० एमबीचं बूट पार्टिशन, मग विंडोजने स्वतःसाठी राखलेली १६ एमबी. बेरीज ११७ एमबी, बाइटमध्ये हाच आकडा. ४०९६ ने भागल्यावर २९,९५२, दशांश नाही. दिसलेला आकडा ३२,२५६ असेल तर मात्र तुमचं पार्टिशन एक्सपीच्या काळातलं आहे.

जीपार्टेडमध्ये पार्टिशनवर राइट-क्लिक करून ‘इन्फर्मेशन’ उघडलं की ‘फर्स्ट सेक्टर’ दिसतो. सेक्टर ५१२ चा असेल तर त्या आकड्याला ८ ने भाग गेला पाहिजे. २०४८ ला जातो, ६३ ला जात नाही. डिस्कवरचं प्रत्येक पार्टिशन वेगळं तपासायचं. पहिलं नीट असून दुसरं फसलेलं असू शकतं. पार्टिशन कुठे संपतं याला स्वतःचं असं महत्त्व नाही, पुढचं कुठे सुरू होतं याला आहे.

## एक्सपी जाऊन किती वर्षं झाली, आता कुणाला हा त्रास?

एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला संपले, ते खरं. पण पार्टिशन ऑपरेटिंग सिस्टिमपेक्षा जास्त जगतं. २००८ चा एखादा डेस्कटॉप घ्या. एक्सपीने सी ड्राइव्ह ६३ पासून पाडला. पुढे त्याच सी ड्राइव्हला फॉरमॅट मारून विंडोज ७ टाकली. मग मोफत मिळाली म्हणून तिच्यावरच विंडोज १० चढवली. दरम्यान डिस्क भरली म्हणून मोठी घेतली आणि जुनीची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, तिच्यावर उतरवला. आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसएसडी आणून पुन्हा क्लोन. ऑपरेटिंग सिस्टिम दोनदा बदलली, डिस्कही दोनदा बदलली, ६३ जागचा हलला नाही. क्लोन करणारे काही प्रोग्राम जुना तक्ता आकड्याला आकडा लावून उतरवतात, त्यांचं कामच ते.

कोऱ्या डिस्कवर कुठल्याही चालू आवृत्तीच्या विंडोजने किंवा लिनक्सने भाग पाडले, तर आज हा प्रश्न येत नाही. क्लोनिंग आणि हाताने भरलेले आकडे, या दोनच दारांनी तो आत येतो.

## फॉरमॅट मारला की सुटेल ना?

नाही. फॉरमॅट म्हणजे त्याच पट्ट्याच्या आत फाइल सिस्टिम नव्याने मांडणं. पट्टा जिथे सुरू होत होता तिथेच राहतो. डिफ्रॅगनेही (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्यानेही) काही होत नाही, ते पट्ट्याच्या आतल्या आत हालवाहालव करतं.

नव्याने विंडोज टाकत असाल तर बॅकअप घेतल्यावर, इन्स्टॉल करतानाच्या पडद्यावर त्या डिस्कवरची जुनी पार्टिशनं डिलीट करा, फक्त ‘अनअलोकेटेड स्पेस’ उरू द्या, ती निवडा आणि ‘नेक्स्ट’ दाबा. बाकीचं विंडोज बघते. दोन डिस्क जोडलेल्या असतील तर दुसरीची वायर त्या वेळेपुरती काढून ठेवा. त्या पडद्यावर भलत्याच डिस्कची पार्टिशनं उडवणं फार सोपं आहे.

क्लोनच करायचं असेल तर नव्या एसएसडीवर आधी योग्य जागी पार्टिशन पाडा आणि मग जुन्या पार्टिशनमधला मजकूर त्यात उतरवा, किंवा क्लोन करणाऱ्या प्रोग्राममध्ये अलाइनमेंटची सोय आहे का ते शोधून ती चालू करा. झाल्यावर ऑफसेट तपासा. जुनी डिस्क तोवर पुसू नका.

चुकीच्या जागी बसलेलं पार्टिशन आहे त्याच डिस्कवर सरकवताही येतं. जीपार्टेडमध्ये ‘एमआयबी’ निवडून ते थोडं उजवीकडे हलवायचं. पण हलवायचंय थोडंच म्हणून काम थोडकं होत नाही. पार्टिशनमधला सगळा मजकूर उचलून पुढे मांडावा लागतो, आणि त्याला तासन् तास लागू शकतात. मध्येच वीज गेली तर अर्धा मजकूर जुन्या जागी आणि अर्धा नव्या. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, आणि दोन्हीकडे बॅकअप घेऊनच हात घाला. नंतर विंडोज सुरू व्हायला कुरकुरली तर तिच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर करावं लागेल, याचीही तयारी ठेवा.

जी हार्ड डिस्क खरोखरच ५१२ च्या सेक्टरची आहे, म्हणजे साधारण २००९ च्या आधीची, तिच्यावर ६३ असला तरी एकट्या डिस्कचं काही बिघडत नाही. तिला उगाच छेडू नका. चुकीच्या अलाइनमेंटमुळे फाइली खराब होतात हाही गैरसमज आहे. काम हळू होतं, एसएसडीची झीज वाढते, मजकूर मात्र शाबूत असतो. रात्रीच्या रात्री दुरुस्त करण्याइतकी घाई कुणालाच नाही.

## मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह

कॅमेऱ्याच्या किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या मेमरी कार्डातही फ्लॅशच असते, पण तिथे एक जादा वळण आहे. फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये पट्ट्याच्या सुरुवातीला आधी काही राखीव सेक्टर, मग फाइलींचे तक्ते, आणि त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर असतो. त्यामुळे पार्टिशन योग्य जागी सुरू होऊनही मजकुराची सुरुवात चुकू शकते. कारखान्यातून येणारं कार्ड या हिशोबाने आधीच मांडलेलं असतं. मध्यम आकाराच्या एसडीएचसी कार्डांत पार्टिशन बहुधा सेक्टर ८१९२ पासून, म्हणजे ४ एमबीवर सुरू होतं. ही मांडणी हाताने करत बसू नये. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं, नाहीतर एसडी असोसिएशनचा मोफत फॉरमॅटर वापरावा.

## जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालताना

एसएसडी बसवल्यावर निघालेली हार्ड डिस्क बहुतेक जण यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरतात. कल्पना उत्तम. फक्त काही डब्या आणि काही तयार बाह्य डिस्क सेक्टरच्या आकाराबाबत स्वतःचं सोंग वाढवतात. २ टीबीच्या वरच्या डिस्क जुन्या तक्त्यावर आणि एक्सपीवर चालाव्यात म्हणून त्या बाहेरच्या जगाला सेक्टर ४०९६ चा आहे असं सांगतात. तक्त्यातले क्रमांक मग त्या मापाने लिहिले जातात. पुढे कधी डबी बिघडली, आतली डिस्क काढून थेट संगणकाला जोडली, की तीच डिस्क ५१२ चं माप सांगते आणि क्रमांक भलत्याच जागा दाखवू लागतात. विंडोज विचारते, ‘डिस्क इनिशियलाइज करायची का?’

अशा वेळी ‘कॅन्सल’ दाबायचं. मजकूर जागेवर असतो, चुकतं ते माप. त्याच मॉडेलची दुसरी डबी मिळवून डिस्क तिच्यात घालून बघा, फाइली दिसू लागल्या तर आधी दुसरीकडे उतरवून घ्या, आणि मगच त्या डिस्कवर नवा तक्ता, नवं पार्टिशन, सेक्टर २०४८ पासून.